मौनाची गणना संमतीत

सुरत लोकसभा मतदारसंघात 7 मे 2024 रोजी मतदान व्हायचे होते. ते झालेच नाही. सूचकांच्या स्वाक्षऱ्यांतील विसंगतीवरून काँग्रेस उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, अन्य उमेदवारांनी माघार घेतली आणि 22 एप्रिललाच भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे घोषित करण्यात आले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर त्याला तत्काळ विजयी घोषित करावे, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 53(2) सांगते. मात्र या साऱ्या प्रक्रियेत मतदाराला कोणी काही विचारलेच नाही.

विचारले असते तर काय घडते, याची कल्पना त्याच निवडणुकीत इंदूरने दिली. तेथेही काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली. परंतु इतर उमेदवार रिंगणात राहिल्याने मतदान झाले आणि 2,18,674 मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. भाजपचा विजय निर्विवाद होता. तरीही दोन लाखांहून अधिक नागरिकांची नापसंती अधिकृत नोंदीत उमटली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मान्य केलेला हा अधिकार सुरतच्या मतदाराला मिळाला नाही, कारण उमेदवारांच्या माघारीबरोबर त्याचे मतही निकालात निघाले.

बिनविरोध निवड मुळातच संशयास्पद असते, असे नव्हे. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, तेव्हा त्यामागे राष्ट्रीय संकटकाळातील एकजुटीची भावना होती. याउलट उमराणे (जि. नाशिक) आणि खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाला 2021 मध्ये तेथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द कराव्या लागल्या. कागदावर ‘बिनविरोध’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो. एकमत कोणते आणि सौदा कोणता, हे ओळखण्याचे साधन मात्र कायद्याकडे नाही.

मौनाला संमती मानण्याची हीच सवय शाळेच्या शुल्कातही दिसते. खासगी शाळांच्या शुल्कावर देखरेख ठेवण्याचा शिक्षण संचालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मॉडर्न स्कूल प्रकरणात मान्य केला, तरी दिल्लीतील पालकांचा असंतोष शमला नाही. अखेर दिल्ली विधानसभेने 8 ऑगस्ट 2025 रोजी शुल्कनिश्चितीतील पारदर्शकतेचे विधेयक मंजूर केले. त्यानुसार शाळास्तरीय समितीत पाच पालकांना स्थान आहे. पण ते सोडतीने निवडले जातात. व्यवस्थापनाला मर्जीतले पालक नेमता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू रास्त आहे. तथापि चिठ्ठीने आलेला पालक इतर पालकांना उत्तरदायी कसा ठरणार? समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची, तर किमान 15 टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. महाराष्ट्राने तर आपल्या शुल्क नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून ही अट 25 टक्के केली. ज्या शाळेत आपले मूल शिकते, तिच्याविरुद्धच्या अर्जावर सही करताना पालकाचा हात थबकतो. त्याची ही भीती कायद्याच्या हिशेबात मान्यता म्हणून जमा होते. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

येथे प्रश्न कायदेशीरपणाचा नाही, विश्वासाचा आहे. अधिकृत शिक्का बसल्याने निर्णय वैध ठरतो. मात्र ज्याच्यावर तो लागू होतो त्याला नकार देण्याची खरी संधी होती की नाही, यावर त्याची विश्वासार्हता ठरते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने कलम 53(2) ला आव्हान दिले, तेव्हा एप्रिल 2025 मधील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने एकट्या उमेदवारालाही किमान मतांची अट का असू नये, अशी विचारणा केली. ‘नोटा’ला उमेदवार मानण्यास कायद्यात आधार नाही, ही निवडणूक आयोगाची भूमिका होती. ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर मानली, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष एकच: कायद्यात तरतूद नसेल, तर ती संसदेने करावी.

उपाय अवघड नाहीत. उमेदवार एकच असला तरी ‘नोटा’सह मतदान घ्यावे. शाळेच्या समितीतील पालक गुप्त मतदानाने निवडावेत, शाळेचे हिशेब प्रत्येक पालकासाठी खुले असावेत आणि एकट्या पालकाच्या तक्रारीचीही दखल घेतली जावी. याने खर्च वाढेल, वेळ लागेल, हा आक्षेप येईलच. परंतु मतदार काय किंवा पालक काय, त्यांचा होकार गृहीत धरून चालवलेला कारभार कितीही कायदेशीर असला, तरी तो त्यांना आपला वाटणार नाही.