डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेला आजार

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा नातेवाइकांच्या हाती डिस्चार्ज कार्ड पडते. त्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी असते, रक्तदाबाची असते, कोलेस्टेरॉलची असते. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज फिजिओथेरपी, पंधरा दिवसांनी दाखवायला या, अशा सूचना असतात. एक ओळ मात्र सहसा नसते : येत्या काही महिन्यांत रुग्णाच्या मनाकडेही लक्ष ठेवा. ही ओळ राहून जाते आणि अनेक ज्येष्ठांची सुधारणा तिथेच अडते.

पक्षाघातानंतर नैराश्य येणे हा अपवाद नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ६१ अभ्यासांतील २५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. झटक्यानंतरच्या पाच वर्षांत केव्हा ना केव्हा नैराश्य येणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्के निघाले. म्हणजे दर तिघांत जवळपास एक. त्यातही पहिले वर्ष सर्वाधिक जोखमीचे. ज्या गुंतागुंतीची शक्यता इतकी मोठी, तिचा उल्लेख कार्डावर नसावा, हे वैद्यकीय व्यवस्थेला शोभणारे नाही.

या नैराश्याची मुळे दोन ठिकाणी असतात. पहिले मेंदूत. रक्तपुरवठा तुटल्याने मेंदूचा जो भाग निकामी होतो, त्यातून मनःस्थिती सांभाळणारे मार्ग जात असतील तर त्यांनाही इजा होते. म्हणून कणखर स्वभावाचा, आयुष्यभर संकटांना तोंड दिलेला माणूसही यातून सुटतोच असे नाही. दुसरे मूळ रोजच्या जगण्यात. उजवा हात गेला की जेवणाचा घास डाव्या हाताने घ्यावा लागतो. प्रसाद घेताना, देवाला फूल वाहताना हात पुढे होत नाही. पंगतीत बसायची लाज वाटते, म्हणून लग्नाकार्याला जाणे बंद होते. तोंडातून लाळ गळते, शब्द सापडत नाही, लघवीला सुनेला हाक मारावी लागते. काल घर चालवणारा माणूस आज कॉटवरून दाराकडे बघत राहतो.

घरच्यांना हे दिसत नाही असे नाही. पण त्याला दिली जाणारी नावे वेगळी असतात. ‘वय झालंय’, ‘मनाला लावून घेतलंय’, ‘हट्टी झालेत’, ‘व्यायामाचा कंटाळा करतात’. डॉक्टरही पुष्कळदा म्हणतात, ‘एवढा मोठा आजार झाला, वाईट वाटणारच.’ वाईट वाटणे स्वाभाविक आहे, हे खरेच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसातला बराचसा वेळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, अन्नावरची वासना उडणे, ‘मी सगळ्यांना भार झालोय’ असे सतत म्हणणे, ही स्वाभाविक दुःखाची लक्षणे नव्हेत. हा आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो.

ज्यांची वाचा गेली आहे, त्यांची अडचण आणखी मोठी. त्यांना प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. अशा वेळी घरच्यांची नजर हेच मोजमाप ठरते. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो का, नातवंड जवळ आले तरी चेहरा हलत नाही का, फिजिओथेरपिस्ट आला की डोळे मिटून घेतो का, घास तोंडापाशी नेला की मान फिरवतो का? या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगायला हव्यात.

अर्थात प्रत्येक अश्रू म्हणजे नैराश्य नव्हे. मेंदूतील इजेमुळे काही रुग्णांना क्षुल्लक कारणाने अनावर रडू किंवा हसू येते आणि मिनिटभरात थांबते. मनात तेवढे दुःख नसते, पण घरचे हबकतात. त्याचा उपचार आहे, मात्र ते निदान वेगळे. काही रुग्ण दुःखी नसतात, फक्त निरिच्छ झालेले असतात. थायरॉइड मंदावणे, ‘बी १२’ची कमतरता, खांद्याचे न सांगितलेले दुखणे, घोरताना श्वास अडकून मोडलेली झोप, यांचे सोंगही नैराश्यासारखेच असते. झटक्यानंतर फिट येऊ लागलेल्यांना दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या औषधानेही काहींमध्ये चिडचिड आणि उदासी वाढते. म्हणून घरच्या घरी निष्कर्ष न काढता तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

ती टाळण्याची किंमत मोठी असते. पक्षाघातानंतरचे पहिले तीन ते सहा महिने हातापायांची हालचाल परत मिळवण्यासाठी सर्वांत मोलाचे. नेमके याच काळात मन खचले तर व्यायाम सुटतो, गोळ्या चुकतात, जेवण कमी होते. नैराश्य असलेल्या रुग्णांमध्ये परावलंबित्व आणि मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. काहींच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येतात. महागडी फिजिओथेरपी सुरू आहे आणि फरक नाही, असे वाटते तेव्हा अडसर स्नायूंत नसून मनात असण्याची शक्यता तपासायला हवी.

उपचाराबाबत दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते. दुसरा, प्रत्येक पक्षाघातग्रस्ताला त्या आधीच सुरू केलेल्या बऱ्या. दोन्ही चुकीचे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचे व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून ‘आठ दिवस घेतली, काही फरक नाही’ असे म्हणून थांबणे योग्य नाही. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि बंद करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. ज्येष्ठांमध्ये काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात. या गोळ्यांनी काहींचे रक्तातील सोडियम घटते आणि गोंधळलेपण येते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सोबत चालू असेल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे या वयात लघवी तुंबणे, भ्रम, हृदयाचे ठोके बिघडणे अशा तक्रारी निर्माण करू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून देणे धोक्याचे.

सरसकट गोळ्यांचा प्रश्न ब्रिटनमधील ‘फोकस’ चाचणीने बराचसा निकालात काढला. २०१२ ते २०१७ या काळात ३,१२७ पक्षाघातग्रस्त तीत सहभागी झाले. निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांत नैराश्य थोडे कमी झाले. पण हातापायांच्या सुधारणेत फरक पडला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यावरून जवळपास तीन टक्क्यांवर गेले. याचा अर्थ स्पष्ट आहे. औषध सगळ्यांना नको. ज्याला नैराश्य आहे त्याला हवे. आणि कोणाला आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारण्यासाठी फार वेळही लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहिले का? नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? जगभर वापरले जाणारे हे दोन प्रश्न आहेत. उत्तर ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी करायची. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना उसंत नसते हे मान्य. पण रक्तदाब मोजणारी परिचारिका किंवा आठवड्यातून तीनदा रुग्णाला भेटणारा फिजिओथेरपिस्ट हे प्रश्न सहज विचारू शकतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते आणि ती समजून घ्यायची तर कात्रजसारखे उपनगर पाहावे. सुखसागरनगर, संतोषनगर, आंबेगाव या भागांत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती पुष्कळ आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पक्षाघात झाला की तो जिना हीच रुग्णाची सीमा होते. रोज सकाळी तलावाकाठी फेरी मारणारे, कट्ट्यावर मित्रांत बसणारे गृहस्थ महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. धनकवडीत भारती रुग्णालय जवळ आहे. पण ज्यांना सरकारी उपचारांखेरीज पर्याय नाही त्यांना ससूनपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर कापावे लागतात. अर्धे अंग लुळे असलेल्या वृद्धाला पीएमपीच्या गर्दीत चढवणे जवळपास अशक्य. रिक्षाचे येण्याजाण्याचे भाडे, मुलाची बुडालेली हजेरी, कात्रज चौकातली कोंडी हे सारे जमेस धरले की, ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाणे पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. पुढचा महिना येतच नाही.

सरकारी योजनाही या टप्प्यावर हात आखडता घेतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कवच मिळाले. पण ही योजना मुळात रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरी सोडल्यानंतरचा औषध-तपासण्यांचा खर्च त्यात १५ दिवसांपुरताच धरलेला आहे. नैराश्य बहुधा त्यानंतर डोके वर काढते. म्हणजे मदत संपते आणि आजार सुरू होतो.

यावर उपाय आहे आणि तो शेजारच्या गोव्यात अजमावला गेला आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठी ओलांडलेल्या, उदासीची सुरुवातीची लक्षणे असलेल्या १८१ जणांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. अडचणींचे तुकडे करून एकेक सोडवणे, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांची काळजी, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे, एवढेच त्यांचे काम. वर्षभरात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात १४ टक्क्यांहून अधिक लोकांना नैराश्याने गाठले. समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत राहिले. हे सारे पक्षाघाताचे रुग्ण नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण तज्ज्ञांचा तुटवडा असलेल्या ठिकाणीही काम होऊ शकते, एवढे त्यातून नक्की दिसते.

पुण्यात याची सुरुवात कात्रजपासून करायला हरकत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या १२ सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि मानसिक आरोग्य या दोन्हींचा समावेश आहेच. महापालिकेने आपल्या दवाखान्यांतील परिचारिका आणि आशा सेविकांना ते दोन प्रश्न आणि घरी जाऊन करायचे समुपदेशन शिकवावे. पक्षाघाताचा रुग्ण घरी सोडताना रुग्णालयाने त्याच्या भागातील दवाखान्याला कळवावे. जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलवर वेळ द्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही.

घरच्यांच्या हातीही बरेच काही आहे. दिवसाला आकार द्यावा : सकाळी नऊला कॉटवरून खुर्चीत, मग एका हाताने मेथी निवडणे किंवा मटार सोलणे, संध्याकाळी मित्राला फोन. या आठवड्यात गॅलरीपर्यंत, पुढच्या आठवड्यात जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. मन लागेल तेव्हा काम करू, अशी वाट पाहायची नाही; काम केल्याने मन लागू लागते. ज्येष्ठ नागरिक संघाने, भजनी मंडळाने महिन्यातली एक बैठक अशा सभासदाच्या घरी घ्यावी. रुग्णाची सेवा करणाऱ्या पत्नीचे किंवा सुनेचे मनही त्याच काळात खचत असते, तिलाही आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी. आणि ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द निघाले तर ते म्हातारपणाचे बोलणे समजून सोडून देऊ नयेत. रुग्णाला एकटे न ठेवता डॉक्टरांना गाठावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

राहता राहिली ती कार्डावरची ओळ. ‘सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी मनाची तपासणी’ एवढे शब्द आणि पुढे तारखा. ससून असो वा खासगी रुग्णालय, हे लिहायला शाईखेरीज काही खर्च नाही. तारीख लिहिली की नातेवाईक विचारतात आणि नातेवाइकांनी विचारले की डॉक्टरांनाही उत्तर द्यावे लागते.