दमास्कस दरवाजाच्या पायऱ्या

रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीह आटोपली, की जुन्या जेरुसलेमच्या दमास्कस दरवाजाबाहेर पायऱ्यांवर पॅलेस्टिनी तरुणांच्या गप्पा रंगतात. २०२१च्या रमजानमध्ये इस्रायली पोलिसांनी तिथे लोखंडी कठडे लावले. तरुण रोज रात्री तिथेच जमत राहिले, लाठ्या खात राहिले. अखेर २५ एप्रिलला कठडे निघाले.

तेवढ्यावर ते थांबले नाही. शेख जर्राह वस्तीतल्या कुटुंबांना घराबाहेर काढण्याचा वाद धुमसत होताच. मे महिन्यात पोलीस अल-अक्सा मशिदीत शिरले, हमासने रॉकेटे सोडली आणि गाझावर ११ दिवस बॉम्ब पडले. इस्रायलमधल्या लोद शहरात ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर उठले. १८ मे रोजी वेस्ट बँकेतल्या आणि खुद्द इस्रायलमधल्या पॅलेस्टिनींनी एकत्र हरताळ पाळला. इस्रायलचा साधारण दर पाचवा नागरिक अरब आहे, हे त्या दिवशी ओस पडलेल्या बांधकामांवर दिसले.

अशा उठावांनी इस्रायली समाज फक्त कडवा होतो, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. १९८७च्या इंतिफादानंतर राबिन वाटाघाटीला बसले, तर २०००च्या इंतिफादात शेरॉन निवडून आले. २०२१मध्ये दोन्ही घडले. जूनमध्ये मन्सूर अब्बास यांच्या रूपाने स्वतंत्र अरब पक्ष प्रथमच सत्ताधारी आघाडीत गेला. ते सरकार वर्षभरात कोसळले. लोदची भीती मतपेटीत उतरली आणि २०२२च्या अखेरीस इतामार बेन ग्वीर राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाले. पायऱ्यांवर कठडे लावणारे पोलीस त्यांच्याच खात्यात येतात.