‘नुसतं’ प्रूफरीडिंग

‘तू बीए आहेस ना, मग हे नुसतं शुद्धलेखन बघून दे,’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! सोसायटीची नोटीस, मंडळाचा अहवाल, दिरांच्या दुकानाचं पत्रक... त्यातला ‘नुसतं’ मला फार खटकतो. हल्ली तर जास्तच.

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या वहिनींची सून ऐरोलीला नेटवर्कच्या कंपनीत आहे. एका तांत्रिक प्रमाणकाचा मसुदा लिहिणाऱ्या गटात ती काम करते. विषय, नेटवर्कमधल्या डेटा मॉडेलचं वर्गीकरण! ‘अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच तुम्हाला देतेय, काकू. आम्हाला सगळं पाठ झालंय, चुका दिसतच नाहीत.’

नेटवर्कमधल्या यंत्रांना सूचना द्यायच्या तर त्या ठरावीक साच्यात लिहाव्या लागतात. त्या साच्यांची भाषा ‘यांग’. जुलै २०१७ मध्ये निघालेल्या ‘आरएफसी ८१९९’ या दस्तऐवजाने या साच्यांचे दोन गट केले, सेवेचे आणि यंत्राचे. ‘तिसऱ्या मजल्यावर सकाळी सहाला पाणी हवं’ ही झाली सेवा, आणि त्यासाठी कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे यंत्राचं. शिवाय साचा कोणी केला, प्रमाणक संस्थेने, कंपनीने की वापरणाऱ्याने, अशी आणखी एक विभागणी. आपण डबे लावतो, तसंच की हे!

आता गंमत बघा. मसुद्यात तिसऱ्या पानावर एका गटाचं जे नाव होतं, ते सातव्या पानावर थोडं बदललं होतं. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की गट एकच आहे. पण नव्याने वाचणाऱ्याला वाटणार, हा आणखी वेगळा डबा! वर्गीकरणाच्याच कागदात असं झालं, तर वर्गीकरण राहिलं कुठे? याला शुद्धलेखन म्हणायचं का?

दुसरी गोष्ट ‘मस्ट’ आणि ‘शुड’ची. १९९७ च्या ‘आरएफसी २११९’ने या शब्दांचे अर्थ बांधून दिले. ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण नसेल तर करावं. २०१७ मध्ये आणखी स्पष्ट झालं की हा बांधीव अर्थ फक्त मोठ्या लिपीतल्या शब्दांना. म्हणजे अक्षर छोटं की मोठं, यावर नियमाचं बंधन ठरतं! (सासूबाईंचं ‘आलंच पाहिजे’ आणि ‘आलीस तर बरं’ यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही.) आणि आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्यातलं अक्षर बदलत नाही, चुका वेगळ्या यादीत नोंदवतात. म्हणून वाचायचं ते आधीच.

या आरएफसींचं संपादन जॉन पोस्टेल यांच्यासोबत वर्षानुवर्षं करणाऱ्या जॉयस रेनॉल्ड्स समाजशास्त्रांच्या पदवीधर, म्हणजे आपल्याच शाखेच्या. १९९८ मध्ये पोस्टेल गेल्यावर २००६ पर्यंत त्यांनी सहकाऱ्यासह ही जबाबदारी पुढे चालवली. इंटरनेटच्या इतिहासात पुरुषांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, यांचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

माझं म्हणणं, या कामाचे पैसे द्यावेत आणि नावही छापावं. घरबसल्या प्रुफं तपासणाऱ्या बायकांना पानामागे किरकोळ रक्कम मिळते, आणि चूक राहिली की बोलणी मात्र पूर्ण.

आणि मैत्रिणींनो, परदेशी कागदच कशाला? भारतीय मानक ब्यूरोही आपल्या मानकांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवतो. कलमाचा क्रमांक, हरकत आणि सुचवलेला बदल एवढं लिहायचं. प्रेशर कुकरबद्दल आपल्याइतकं कोण सांगणार? पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या हिशेबानंतर असा एक मसुदा वाचायला घ्यायचं आमच्या मंडळाने ठरवलंय. दोघी-तिघींनी आत्ताच नाकं मुरडली आहेत. बघू, किती जणी थांबतात.