हसणाऱ्यांचं काय?

४ एप्रिल २००७ ची सकाळ. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल आदल्याच रात्री संपली होती. टेनेसीने रटगर्सला ५९-४६ असं हरवलं होतं. न्यू जर्सीतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीच्या या टीमची सीझनची सुरुवात रडतखडत झालेली, पहिल्या सहापैकी चार मॅच हरलेल्या. दहा जणींच्या टीममध्ये पाच जणी फर्स्ट इयरच्या. तिथून सावरत त्यांनी अव्वल मानांकित ड्यूकला एका पॉइंटने घरी पाठवलं आणि थेट फायनल गाठली. हरल्या, पण वाजतगाजत घरी यावं असाच तो सीझन होता.

त्या सकाळी न्यूयॉर्कच्या रेडिओवर डॉन आयमस हा ज्येष्ठ निवेदक या मॅचबद्दल बोलत होता. कार्यक्रम देशभर ऐकला जायचा आणि एमएसएनबीसी या चॅनलवर दिसायचाही. त्याचा प्रोड्युसर बर्नार्ड मॅगर्क रटगर्सच्या मुलींना एक घाणेरडा शब्द वापरून गेला. आयमसने तोच शब्द उचलला आणि त्यात मुलींच्या केसांची भर घातली. ते दोन शब्द इथे छापत नाही. एका शब्दात कृष्णवर्णीयांच्या घट्ट कुरळ्या केसांची टवाळी होती. गुलामगिरीच्या काळापासून हिणवण्यासाठी वापरली गेलेली गोष्ट. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सरळ सरळ वेश्या. दहापैकी आठ मुली कृष्णवर्णीय होत्या. वंशाचा आणि बाईपणाचा अपमान एका दमात उरकला. मग टेनेसीच्या मुली कशा गोड दिसतात, ही तुलना. आणि हशा.

त्या हशाबद्दल बोलायचं आहे. कारण पुढच्या आठ दिवसांत जे घडलं ते सगळं आयमसच्या वाक्याबद्दल होतं, आणि अशा प्रकरणांत आपलंही नेमकं तेच होतं. एक वाक्य, एक माणूस, एक क्लिप. राग त्याच्यावर काढायचा, तो माफी मागतो किंवा घरी जातो, आपण पुढच्या क्लिपकडे वळतो.

आधी ते आठ दिवस. प्रसारमाध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या मीडिया मॅटर्स या संस्थेने तो तुकडा शब्दांकनासह जाहीर केला. आयमसची पहिली प्रतिक्रिया होती, अहो, गंमत होती, एवढं काय! दुसऱ्याच दिवशी सूर बदलला आणि माफी आली. तोवर कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला काढण्याची मागणी केली होती. सीबीएस रेडिओ आणि एमएसएनबीसी, दोघांनी मिळून शिक्षा दिली ती दोन आठवड्यांच्या निलंबनाची. म्हणजे सक्तीची सुट्टीच.

१० एप्रिलला मुली स्वतः पत्रकारांसमोर आल्या. प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनी त्यांची ओळख करून दिली. शाळेत पहिली आलेली, डॉक्टर होऊ पाहणारी, संगीतात रमणारी, गर्ल स्काउट. कॅप्टन एसेन्स कार्सन शांतपणे बोलली. आम्ही इथवर आलो याचा आनंद मनवायचा क्षणच आमच्याकडून हिरावला गेला, असं एकीने सांगितलं. आरडाओरडा नाही, ‘याला फाडा’ नाही. तोवर बातमी होती ‘आयमस काय म्हणाला’. त्या दिवसापासून ती ‘कुणाला म्हणाला’ अशी झाली.

मग पैसा हलला. प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्सप्रेस, स्टेपल्स अशा कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या. एनबीसीच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांनीच वरिष्ठांना सुनावलं की हा माणूस आमच्या चॅनलवर शोभत नाही. ११ तारखेला एमएसएनबीसीने कार्यक्रम बंद केला, १२ ला सीबीएसने आयमसला काढलं. मॅगर्कलाही. त्याच संध्याकाळी आयमस त्या मुलींना भेटला. त्यांनी त्याची माफी स्वीकारली.

इथवर हा लोकशक्तीचा विजय वाटतो, आणि काही अंशी आहेच. पण २००७ पूर्वी त्या स्टुडिओत काय चालायचं ते बघा. २००१ मध्ये याच कार्यक्रमात सिड रोझेनबर्ग या सहनिवेदकाने व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांना जनावरांच्या रांगेत बसवलं होतं. त्याला काढलं, मग परत घेतलं. ४ एप्रिलच्या त्या गप्पांतही तो होता! ग्वेन आयफिल या नामवंत कृष्णवर्णीय पत्रकार. १९९३ मध्ये त्या न्यूयॉर्क टाइम्ससाठी व्हाइट हाउसच्या बातम्या द्यायच्या, तेव्हा आयमसने आपल्याला झाडूपोछा करणारी बाई म्हटलं होतं, असं त्यांनी १० एप्रिल २००७ च्या लेखात लिहिलं. चौदा वर्षं मध्ये गेली. या चौदा वर्षांत त्या खुर्चीसमोर कोण कोण येऊन बसलं? सिनेटर आले, मोठमोठे पत्रकार आले, पुस्तक खपवायला लेखक आले. कारण आयमसने पुस्तकाचं नाव घेतलं की ते खपायचं. तो काय बोलतो हे या मंडळींना ठाऊक नव्हतं, असं मानायला मी तरी तयार नाही. ते अपमान करत नव्हते, फक्त बसत होते. आणि हसत होते.

आयमसला काढण्याची घोषणा करणारे सीबीएसचे प्रमुख लेस मूनव्हेस २०१८ मध्ये पायउतार झाले. अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते. त्यांनी ते नाकारले, पण खुर्ची गेली. एका निवेदकाला घरी पाठवलं म्हणून सगळी इमारत स्वच्छ होत नाही, एवढंच यातून दिसतं. आयमसही डिसेंबर २००७ मध्ये दुसऱ्या रेडिओ स्टेशनवर परतला, सोबत मॅगर्क.

तेव्हा एक युक्तिवाद फार चालला, आपल्या कट्ट्यावरही तो हमखास येतो. रॅपर हाच शब्द गाण्यात वापरतात, ते चालतं, मग म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने वापरला की बोंब का? प्रश्न बिनबुडाचा नाही. पण ‘तेव्हा कुठे होतात’ असं विचारणाऱ्यांना उत्तर माहीतच नव्हतं. २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या मुलींनी रॅपर नेलीच्या एका व्हिडिओविरुद्ध आवाज उठवला होता. नेलीच्या संस्थेचा अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचा, म्हणजे चांगल्याच कामाचा, कार्यक्रम त्यांच्या कॅम्पसवर होणार होता. मुली म्हणाल्या, आधी त्या व्हिडिओवर आमच्याशी बोला. कार्यक्रम रद्द झाला. स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. म्हणजे ज्यांना तो शब्द लागतो त्या आपल्या लोकांशीही भांडत होत्याच, आपणच ऐकत नव्हतो.

आता क्रिकेट. ऑगस्ट २००६, कोलंबो, श्रीलंका विरुद्ध दक्षिण आफ्रिका टेस्ट. हाशिम आमलाने संगकाराचा कॅच घेतला आणि कॉमेंट्री बॉक्समध्ये डीन जोन्स त्याला ‘दहशतवादी’ म्हणाला. का, तर आमला मुसलमान आहे आणि दाढी ठेवतो. जोन्सला वाटलं जाहिराती सुरू झाल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत आवाज जात होता. टेन स्पोर्ट्सने त्याला ताबडतोब काढलं. त्याने माफी मागितली. पुढे तो कॉमेंट्रीत परतला, आपल्याकडे अनेकांचा लाडका झाला, आणि २४ सप्टेंबर २०२० रोजी आयपीएलच्या कामासाठी आलेला असताना मुंबईतच गेला.

जानेवारी २०११ मध्ये इंग्लंडमध्ये तेच. वुल्व्हज विरुद्ध लिव्हरपूल, लाइनवर सियान मॅसी ही तरुण सहायक रेफ्री. माइक बंद आहेत असं समजून स्काय स्पोर्ट्सचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज म्हणाले, बाईला ऑफसाइड कुठून कळणार! मॅचमध्ये तिने ऑफसाइडचा एक अवघड निर्णय दिला आणि रिप्लेत तो बरोबर निघाला. ग्रेची नोकरी गेली, कीजने राजीनामा दिला.

दोन्हीकडे बचाव एकच, माइक बंद आहे असं वाटलं. हा बचाव मला आरोपापेक्षा वाईट वाटतो. माइक बंद असताना माणूस कुणासाठी बोलतो? शेजारच्या खुर्चीसाठी. तिथे हसू मिळणार याची खात्री असते म्हणून बोलतो. ती खात्री एका दिवसात तयार होत नाही.

आपल्याकडचा माइक तर बंद नसतोच. ‘कॉफी विथ करण’चा हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुलचा तो एपिसोड ६ जानेवारी २०१९ ला दाखवला गेला. तो लाइव्ह नव्हता. शूट झाला, एडिट झाला, कुणीतरी बघून ‘ओके’ म्हटलं, मग आपल्यापर्यंत आला. बोंब झाल्यावर तो हॉटस्टारवरून काढला. बीसीसीआयने दोघांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, निलंबित केलं, काही दिवसांनी निलंबन उठवलं. पुढे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. यातले १० लाख कर्तव्यावर प्राण गमावलेल्या निमलष्करी दलांच्या जवानांच्या कुटुंबांना, १० लाख अंधांच्या क्रिकेटला. दोन्ही कामं उत्तम. पण अपमान बायकांचा झाला होता ना? मुलींच्या क्रिकेटला, कुठल्या तालुक्यातल्या मुलींच्या नेटला एक रुपया नाही. जणू गुन्हा ‘भारतीय क्रिकेटची शोभा घालवल्याचा’ होता. आणि ज्या टेबलावर तो एपिसोड पास झाला, त्या टेबलाला कुणी काही विचारलंच नाही.

२०२१ मध्ये ‘डान्स दीवाने ३’मध्ये गुवाहाटीच्या एका चिमुकल्या स्पर्धक मुलीची ओळख होस्ट राघव जुयालने चिनी वाटावी अशी बडबड आणि मोमो यांची फोडणी देऊन केली. आसामचे मुख्यमंत्री हिमंता बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला. मुलीनेच आपल्याला चिनी बोलता येतं असं सांगितलं होतं, क्लिप संदर्भ तोडून फिरतेय, असा राघवचा खुलासा आला. संदर्भ मान्य करू. तरी हाही शो रेकॉर्ड केलेला. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत ईशान्येकडून आलेले किती विद्यार्थी आहेत! ‘मोमो’ किंवा ‘चिनी’ अशी हाक त्यांना हॉस्टेलच्या गेटवर, रिक्षा स्टँडवर ऐकावी लागते. टीव्हीवरचा विनोद त्याच हाकेला मेकअप करून स्टेजवर आणतो. त्यांना एकदा विचारा, संदर्भ कळून बरं वाटलं का.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’वरून झालेलं रामायण ताजं आहे. रणवीर अलाहाबादियाने आईवडिलांवरून विचारलेला अश्लील प्रश्न, मग मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत पोलीस, सुप्रीम कोर्टाने झापणं आणि अटकेपासून तात्पुरतं संरक्षण, समय रैनाने सगळे एपिसोड उडवणं. तो प्रश्न गलिच्छच होता. पण बोलण्याला उत्तर म्हणून पोलीस पाठवायचे हे मला पटत नाही, आणि कारण सोपं आहे. आज तुम्हाला न आवडणाऱ्या विनोदासाठी जो एफआयआर होतो, तोच उद्या तुमच्या आवडत्या विनोदासाठी होतो. रटगर्सच्या मुलींनी पोलीस बोलावले नव्हते. त्यांनी लोकांना ऐकायला लावलं, लोकांनी जाहिरातदारांना गाठलं, कर्मचाऱ्यांनी साहेबांना. बोलण्याचा हक्क आयमसकडे तेव्हाही होताच. सीबीएसचा माइक आणि जनरल मोटर्सचे पैसे हा मात्र कुणाचाच हक्क नसतो.

आणि ट्रोलिंग? होस्टच्या आईला शिव्या देऊन बायकांचा सन्मान राखणारी मंडळी प्रत्येक प्रकरणात उगवतात. त्यांच्यावर जागा घालवत नाही.

टीव्हीपुरता एक साधा रस्ता आपल्याकडे आहे, तो वापरतो कोण हा प्रश्न. जून २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. कार्यक्रमाबद्दलची तक्रार आधी थेट चॅनलकडे लेखी करायची. चॅनलने १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर चॅनल्सच्या स्वनियमन संस्थेकडे, त्यानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. तक्रारीत चॅनलचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहा. शिवाय त्यात दोन प्रश्न टाका, जे सहसा कुणी विचारत नाही. हा एपिसोड प्रसारणाआधी कुणी पाहिला होता? आणि त्या वाक्यामागे ऐकू येणारा हशा सेटवरचा आहे की एडिटिंगमध्ये चिकटवलेला?