स्टेंट सरकारचा, गोळ्या कुणाच्या?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीत कुणाच्या छातीत कळ आली, की घरचे त्याला घेऊन बिदर, कलबुर्गी नाहीतर हैदराबाद गाठतात. 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, माणूस वाचून घरी येतो. पूर्वी याच दुखण्यापायी शेत गहाण पडायचं, म्हणून या योजनेचं मोल कमी लेखता येणार नाही.

पण आयुष्मान भारतमध्ये दवाखान्यातून सुटी झाल्यावरची औषधं मिळतात ती 15 दिवसांची. स्टेंट बसलेल्याला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा वर्षभर बरोबरीने घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. सोळाव्या दिवशी पाकीट संपतं. गोळी सरकारी दवाखान्यात मिळाली तर ठीक, नाहीतर मेडिकलमधून विकत. हातात पैसा सोयाबीन विकल्यावर येणार, तोवर गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेतल्या जातात. लाखाच्या घरातला उपचार अशा चार पैशांच्या गोळीपाशी अडतो.

2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 मराठीभाषक गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने आक्षेप घेतला आणि बराच गदारोळ झाला. कार्ड कुणाचं, यावर दोन्ही राज्यं भांडली. फुले योजनेतही सुटीनंतरची औषधं 10 दिवसांचीच, याची चर्चा मात्र कुणी केली नाही. सीमाभागातल्या रुग्णाला या भांडणातून एक गोळीही जास्त मिळाली नाही.

मर्यादा घालणाऱ्यांची बाजूही खरी आहे. विम्याचा पैसा सगळ्यांचा असतो, आणि दवाखान्यातल्या उपचाराचा विमा जन्मभराची औषधं पुरवू लागला तर त्याचा हिशेब बसणार नाही. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात, त्यामागेही विचार आहे: दर महिन्याला माणूस आला तर बीपी मोजलं जातं, डोस बदलता येतो. साठा तुटपुंजा असताना एकाला तीन महिन्यांच्या दिल्या तर दुसरा रिकाम्या हाताने परततो. अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्यांना तर कडक मर्यादा हवीच.

तरीही सगळ्या रुग्णांना एकच माप लावणं मला पटत नाही. ज्याचं बीपी वर्षभर ताब्यात आहे, त्याने दर महिन्याला एक रोज बुडवून रांगेत का उभं राहावं? 'शक्ती' योजनेमुळे 2023पासून बाईचं बसचं तिकीट वाचतं, बुडालेली मजुरी वाचत नाही. कोविडच्या काळात एआरटी केंद्रांनी प्रकृती स्थिर असलेल्या एचआयव्ही रुग्णांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या दिल्या, म्हणजे आपल्याच यंत्रणेला हे जमतं. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर 2023पासून बऱ्याच जुनाट आजारांसाठी 30 ऐवजी 60 दिवसांची औषधं एकदम द्यायला सुरुवात केली. तुटवडा पडेल म्हणून तिथल्या औषध दुकानदारांनी विरोध केला होता. ती भीती आपल्याकडे जास्त खरी आहे, म्हणून आधी साठा आणि मग मुदतवाढ, असाच क्रम हवा.

स्टेंटच्या बाबतीत मात्र थांबायचं कारण दिसत नाही. या गोळ्या स्वस्त आहेत, मुदत ठरलेली आहे, रुग्णाची नोंद योजनेकडेच आहे. अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्येच वर्षभराच्या गोळ्या धराव्यात, तीन-तीन महिन्यांच्या हप्त्याने तालुक्याच्या दवाखान्यातून द्याव्यात, आणि मधल्या काळात आशाताईंनी घरी जाऊन पाकिटं मोजावीत. पुढे बाकीच्या औषधांची मुदत वाढवली, तरी इन्सुलिन त्यातून वगळावं: ज्या घरात फ्रिज नाही तिथे बिदरच्या मे महिन्यात तीन महिन्यांच्या कुप्या टिकणार नाहीत, त्यासाठी महिन्याचीच चिठ्ठी बरी.