पिकअपला मोठे टायर: जीएसटी घटला, पण गाडीचे पासिंग तेवढेच

यंदाच्या हंगामात करपा आणि फुलकिडीच्या प्रश्नांमध्ये एक वेगळाच प्रश्न सारखा येतो आहे. "सर, पिकअपला एक साईज मोठे टायर टाकले तर चालतील का?" मी कृषी पदवीधर आहे, मेकॅनिक नाही. तरीही हा प्रश्न टाळावासा वाटत नाही, कारण तो गॅरेजमधून नाही, तुमच्या बांधावरून आलेला आहे. माल तयार असतो, बाजार दोन दिवसांचा असतो आणि गाडी शेतात रुतते. त्या वेळी गाडी थोडी उंच, टायर थोडे रुंद असते तर निघाली असती, असे कोणालाही वाटेल.

हा प्रश्न आत्ताच का वाढला, याची दोन कारणे दिसतात. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत नव्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. मालवाहू गाड्यांवरचा करही असाच २८ वरून १८ वर आला. त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि लगतच्या भागात अतिवृष्टी झाली, शेतरस्ते वाहून गेले, ओढ्यांच्या कडा तुटल्या. म्हणजे टायर स्वस्त झाले आणि रस्ते बिघडले. "टायर बदलायचेच आहेत, तर मोठेच टाकू" हा विचार इथून सुरू होतो.

आधी स्वस्ताईचा हिशेब पाहू. कराआधीची किंमत ६,००० रुपये असलेला टायर पूर्वी ७,६८० रुपयांना पडायचा, आता ७,०८० रुपयांना पडतो. चार टायरमागे २,४०० रुपये वाचले. हे पैसे कमी नाहीत, पण मोठ्या मापाचा टायर मुळातच महाग असतो आणि त्याला रिमही वेगळी लागली तर ही बचत तिथेच जिरते. आणखी एक खुलासा. पाच टक्के कर ट्रॅक्टरच्या टायरवर आहे, पिकअपच्या नाही. दुकानात या दोन गोष्टींची सरमिसळ होताना ऐकली, म्हणून सांगतो.

आता टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचू. समजा गाडीला कंपनीने १९५/८० आर १५ हा टायर दिला आहे. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिमी, आणि रिम १५ इंचाची म्हणजे ३८१ मिमी. वरची-खालची बाजू धरून चाकाची एकूण उंची ६९३ मिमी होते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टाकला तर उंची सुमारे ७३३ मिमी होते. फरक ४० मिमीचा. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण एक्सल चाकाच्या मधोमध असतो. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी फक्त दोन सेंटिमीटर वर येते. पाणंदीतली चाकोरी वीतभर खोल असताना दोन सेंटिमीटरने काय होणार?

बदल्यात काय गमावले तेही पाहा. चाक सुमारे ६ टक्क्यांनी मोठे झाले की इंजिनाने तेवढाच जोर लावला तरी जमिनीवर पोचणारी ओढ साधारण ५ ते ६ टक्क्यांनी घटते. चिखलातून किंवा चढावर गाडी उचलताना चालक क्लच जास्त वेळ दाबून ठेवतो आणि प्लेट जळते. ब्रेकचेही तेच. पायाने तेवढाच दाब दिला तर गाडी थांबवणारा जोर तेवढ्याच प्रमाणात कमी पडतो. लासलगाव-पिंपळगावचा माल घेऊन कसारा घाट उतरताना किंवा नारायणगावचे टोमॅटो घेऊन माळशेज उतरताना ब्रेक आधीच तापलेले असतात, तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही. स्पीडोमीटरही फसवतो. काटा ६० दाखवत असताना गाडी ६३ ते ६४ च्या वेगाने जात असते. (किलोमीटरही कमी मोजले जातात. "मोठ्या टायरने अॅव्हरेज पडले" या तक्रारीतला काही भाग खरा असतो, काही भाग मीटरने कमी मोजलेल्या अंतराचा असतो.)

पण माझ्या मते खरा धोका उंचीत नाही. तो अशा एका आकड्यात आहे, जो बहुतेक जण वाचतच नाहीत. मापाच्या पुढे १०६/१०४ किंवा १०० असा आकडा असतो. हा भार निर्देशांक. १०६ म्हणजे त्या एका टायरची क्षमता ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. मालवाहू गाडीच्या टायरवर 'एलटी' ही अक्षरे असतात आणि त्यात प्लाय जास्त असतात. एसयूव्हीचा टायर दिसायला रुंद आणि भक्कम, पण तो माणसे वाहण्यासाठी बनवलेला असतो. २१५/७५ आर १५ मापाचा, १०० निर्देशांकाचा टायर १९५/८० पेक्षा दोन सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर उंच आहे. ताकदीने मात्र तो एका चाकामागे १५० किलोने कमी आहे.

हे आपल्या भाराशी जोडून पाहू. समजा आरसीवर गाडीचे भारासह एकूण वजन ३,००० किलो आहे आणि त्यातले १,९०० किलो मागच्या एक्सलवर येते. प्रत्येक मागच्या टायरवर ९५० किलो, म्हणजे १०६ निर्देशांकाचा टायर अगदी काठावर पुरतो. तिथे १०० चे दोन टायर टाकले तर ३०० किलो कमी पडले, आणि हे पासिंगइतकाच माल भरला असताना. पासिंगच्या वर दहा-वीस क्रेट चढवल्यावर काय होईल ते वेगळे सांगायला नको. माझ्या चुलत भावाने असेच एसयूव्हीचे वापरलेले टायर स्वस्तात मिळाले म्हणून पिकअपला बसवले होते. कांद्याच्या तिसऱ्या खेपेला मागच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. तो बाजार समितीच्या आवारात उभ्या गाडीवर दिसला हे आमचे नशीब. महामार्गावर असता तर हा लेख वेगळा झाला असता.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोठ्या टायरने, अगदी जास्त ताकदीच्या टायरनेही, गाडीचे पासिंग वाढत नाही. पाटे, एक्सल, बेअरिंग, चेसी, ब्रेक सगळे जुनेच असते. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. वरच्या उदाहरणात रिकामी गाडी १,७०० किलोची असेल तर १,३०० किलो उरतात. त्यातून चालक आणि एक मजूर यांचे १५० किलो काढा. क्रेटसह टोमॅटोचे वजन २२ किलो धरले तर ५२ क्रेट बसतात. ही संख्या तुमच्या गाडीसाठी एकदा काढा आणि हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर चालकाला विचारा. चांगल्या चालकाला ती तोंडपाठ असते.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये ही तरतूद वेगळी. कंपनीच्या पुस्तिकेत तुमच्याच मॉडेलसाठी दोन मापे दिलेली असतील तर त्यांपैकी कोणतेही टाकायला हरकत नाही. त्याबाहेरचे माप टाकायचे असेल तर आधी आरटीओकडे विचारा. दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाल्यावर सर्वेअर टायरचे माप लिहून घेतो आणि दावा अडकायला तेवढे पुरते.

आता माझ्या विषयाकडे येतो. काळ्या जमिनीत गाडी रुतते ती टायर लहान आहे म्हणून नाही. चाक जमिनीवर किती दाब देते, हे मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरते. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ६० पीएसआयच्या आसपास हवा असते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतकामाला १२ ते १६ पीएसआय पुरते. म्हणजे पिकअपचे चाक जमिनीवर ट्रॅक्टरच्या चौपट दाब देते. मोठा टायर टाकून त्यातही ६० पीएसआय भरली, तर ओल्या काळ्या मातीला फारसा फरक जाणवत नाही. शिवाय आपल्या बहुतेक पिकअप फक्त मागच्या चाकांवर ओढतात. एक चाक घसरू लागले की ते जागेवर खड्डा करते, टायर कितीही रुंद असो.

गाडी निघाली तरी नुकसान मागे राहते. वाफसा नसताना भरलेली गाडी शेतात फिरली की चाकोरीतली माती दाबली जाते, हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही. वरचा थर नांगरटीने सुटतो, पण एक्सलवरचा भार जास्त असेल तर नांगराच्या फाळाखालीही घट्ट थर बनतो आणि तो सहज फुटत नाही. पुढच्या हंगामात त्या दोन पट्ट्यांत कांदा बारीक राहतो, हरभरा पिवळा पडतो, आणि आपण मात्र खताला दोष देतो. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा प्लॉटमध्ये खताची शिफारस करण्याआधी एक टोकदार सळई घेऊन चाकोरीत आणि चाकोरीबाहेर खुपसून पाहावी. फरक हाताला लगेच कळतो.

त्यामुळे माझा सल्ला असा. पिकअप बांधाच्या आत नेऊच नका. माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने किंवा बैलगाडीने कडेला आणा आणि तिथे भरा. भरण्याची जागा ठरलेली ठेवा, तिथे दोन ब्रास मुरूम टाकून दाबून घ्या. दुहेरी हाताळणीची मजुरी वाढते हे मान्य, पण एकदा जळालेली क्लच प्लेट आणि एक चुकलेला बाजार यांच्यासमोर ती मांडून पाहा.

आणि रस्त्याचे काम टायरवर ढकलू नका. मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये रोजगार हमीच्या अभिसरणातून सुरू झाली. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असे ठरवले. असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच करायचे. हे काम वेळखाऊ आहे, भावकीत कटुता आणणारेही आहे, हे मला माहीत आहे. पण रस्ता झाला तर तो त्या वाटेवरच्या प्रत्येक शेताला मिळतो.

टायर बदलायची वेळ खरोखर आली असेल, म्हणजे नक्षीची खोली १.६ मिमीपर्यंत उतरली असेल किंवा बाजूला चिरा दिसत असतील, तर त्याच मापाचा एलटी टायर घ्या. भार निर्देशांक जुन्याइतका किंवा जास्त असावा. निर्मितीची तारीख चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. कर घटल्याचे सांगून जुना साठाही विकला जातो, म्हणून हे आकडे बॅटरी लावून वाचा आणि बिलावर १८ टक्के लिहिले आहेत का ते पाहा. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या मापांचे किंवा वेगळ्या झिजेचे टायर नकोत. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. भरल्या गाडीत हवा कमी असणे हे टायर फुटण्याचे मोठे कारण आहे. बाजू सारखी वाकते, तापते आणि फाटते.

एवढे करूनही गाडी रुतलीच, तर इंजिन रेटू नका. आधी माल उतरवा. चाकांपुढे गोणपाट किंवा तुराट्या टाका. रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरची हवा निम्म्यावर आणली तर चाक पसरते आणि पकड मिळते, पण चालण्याच्या वेगाने कडेपर्यंतच यायचे आणि माल भरण्याआधी हवा पूर्ववत करायची. पंप आणि गेज गाडीत नसेल तर हवेला हात लावू नका, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवा.