रात्रीची वीज आणि तेलातले नॅनोकण

मे महिन्यात जळगावात उन्हात उभ्या बाइकच्या सीटवर बसून बघा, खान्देशात उष्णतेची कमी नाही हे लगेच कळेल! धुळ्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहेच. पण पॅनल उजेडावर चालतात. सूर्य मावळला की काम बंद. सौर-औष्णिक प्रकल्पात आरसे तेल तापवतात, त्यातून वाफ, टर्बाइन. ती उष्णता साठवली तर रात्रीही वीज मिळते. तेल मात्र उष्णता वाहून नेण्यात सुस्त. म्हणून त्यात धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिसळायचे; ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव १९९५चं. लॅबमध्ये उष्णता पटकन सरकते, खरंय. पण पुढे कण तळाशी बसतात, तेल दाट होतं, पंपच जास्त वीज खातो. फायनल इयरला हाच प्रोजेक्ट घेताय? मग नुसता कंडक्टिव्हिटीचा ग्राफ नको, पंपाचा हिशोबही मांडा.